काठ कापलेलं चित्र

माझ्या वडिलांना, आप्पांना, ऐकू येत नाही. वडगावात चाळीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कानातलं जे मरतं, ते परत येत नाही. कानाला यंत्र लावलं तरी नुसता गोंगाट वाढतो. ते टीव्हीवरच्या खालच्या पट्टीतल्या बातम्या वाचत आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन सांगत. सांगणाऱ्याला फारसं ऐकावं लागत नाही.

केबलवाल्यानं सेट-टॉप बॉक्स बदलला आणि चित्राच्या दोन्ही कडा गेल्या. "काठ कापून लुगडं दिल्यागत झालंय," म्हणत आप्पा तसंच वाचत राहिले. एकदा पट्टीवर न सरकणारी ओळ होती, 'यंत्रमागाची वीजसवलत बंद होणार नाही'. शेवटचा शब्द पडद्याबाहेर राहिला. सवलत बंद होणार, असं आप्पांनी कट्ट्यावर सांगितलं.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. "आप्पा, कान गेलं ते गेलं, आता डोळंबी कुणाला दिलासा?" शेजारचे गुंडूकाका म्हणाले. सगळे हसले. आप्पांना शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणं दिसलं. तेव्हापासून ते कट्ट्यावर गेलेले नाहीत.

मी फिजिक्सची पदवीधर. रविवारी रिमोट घेऊन बसले. कारण सोपं होतं. बॉक्स रुंद चित्र पाठवतो, आमचा जुना टीव्ही जवळपास चौकोनी. उंची भरण्यासाठी कडा छाटल्या जात होत्या. सेटिंग बदललं. वर-खाली काळे पट्टे आले आणि बातमीची ओळ पूर्ण दिसली.

आप्पांनी डोळे बारीक केले. खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे.

"मुंग्या हायत नुसत्या."

अक्षरं पाऊणपट झाली होती, आणि चष्म्यानं नजर आणखी सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग मी चित्र उभं ताणून पाहिलं. जोडाक्षरं एकमेकांत घुसली.

"मोठा टीव्ही घेऊया," मी ओठ सावकाश हलवत म्हटलं. त्यांनी कोपऱ्यातल्या बंद मागाकडे पाहिलं; घरात पैसा त्यावरच यायचा.

"मग मी वाचून सांगते."

"तूच वाचणार, तर कट्ट्यावबी तूच जा."

मी पूर्ण चित्राचं सेटिंग ठेवलं.

संध्याकाळी गुंडूकाका दारात आले. "आप्पा, चला की. रागावलासा व्हय?"

मी आप्पांच्या खांद्याला हात लावून दाराकडे बोट केलं. त्यांनी मान वळवली नाही.

"बातम्या चालू हायत म्हण त्याला."

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.