दांड्याला कळायचे

“हा थांबतो का?”

मित्रांनो, माझ्याविषयी कुणी बोललेले मला आठवणारे हे पहिले शब्द. मान-बोक नावाचा तेली यंत्रांच्या दुकानात माझ्यासमोर उकिडवा बसला होता. दुकानदाराला हसू आले.

“पंप घ्यायला आलात, मालक, की बैल?”

“बैल घरी आहे. तो थांबतो,” मान-बोक म्हणाला. “तिळाचं गाठोडं दाबाखाली गेलं, की एका क्षणी फडकं कळवळतं. तेव्हा जो थांबत नाही, तो कितीही दांडगा असला तरी काय कामाचा?”

माझ्या शेजारी मोटारीवर चालणारे दोन पंप होते. माझ्या चौपट ताकदीचे, चकचकीत रंगाचे. मान-बोकने त्यांच्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. मग माझा लांब दांडा धरून, डोळे मिटून, सावकाश खालीवर केला, नाडी पाहावी तसा. “हा हाताशी बोलतो,” म्हणाला, आणि मला येचॉन गावच्या बाजारात, आपल्या तेलाच्या दुकानात घेऊन आला.

तोच मी जुना दाबपंप. पोटात थोडे जाड तेल, एक दट्ट्या आणि एक दांडा, एवढाच माझा संसार. दांडा दाबला की माझ्या पोटातले तेल नळीतून पुढे सरते आणि लोखंडी दाबयंत्राला रेटते. दाबयंत्र फडक्यात बांधलेल्या भाजक्या तिळांना रेटते. मग खालच्या पन्हळीत सोनेरी धार उतरते, आणि रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा क्षणभर थांबतो. मान-बोक दांड्याच्या ठेक्यावर गुणगुणायचा:

दांड्या राजा, खाली ये, दांड्या राजा, वर जा,
तिळामधल्या सोन्याला वाट करून दे जरा.

आमच्याकडची रीत अशी, की ज्याचे तीळ त्याने बाकावर बसून राहायचे. तेल बाटलीत उतरून बूच लागेपर्यंत उठायचे नाही. तेली तेल बदलील, असे कुणी तोंडाने म्हणत नसे. पण उठतही कुणी नसे. चुसॉकचा, सुगीचा सण जवळ आला, की शहरातल्या लेकरांना तेल धाडायला आलेल्या बायकांनी बाक भरून जायचा.

“मान-बोक, डोळा लागला तर उठव रे.”

“झोपा निवांत, काकू. तुमच्या घोरण्यापुढे तेल चोरायची कुणाची छाती आहे?”

मान-बोक गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडे, सॉक-चोलकडे आले. मुलगा वाईट नव्हता. पण त्याला वाटले, जास्त ताकद म्हणजे जास्त तेल. त्याने मोटारीचा पंप आणला. बटण दाबायचे आणि बाजूला व्हायचे. मला मागच्या कोपऱ्यात पेंडीच्या पोत्यांआड ठेवले. माझ्या दट्ट्याचे वायसर सुकले, दांड्यावर गंज चढला. बापाच्या हातांनी गुळगुळीत झालेली ती मूठ तेवढी खूप दिवस तशीच राहिली.

तिथूनच मी पिल-ले मावशींना येताना पाहिले. त्यांचे यजमान गाप-सू त्या उन्हाळ्यात गेले, तेव्हा त्यांनी पेरलेले तीळ शेतात उभे होते. मावशींनी एकटीने ते कापले, जुड्या बांधून वाळवले, झोडले, पाखडले. एक लहानशी पिशवी भरली.

“एवढेच?” सॉक-चोलने विचारले.

“एवढेच रे. त्यांच्या हातचे शेवटचे.”

मावशी बाकावर बसल्या. तीळ भाजून झाले. त्यांचे गुडघे ठणकत होते, आणि औषधाचे दुकान बंद व्हायला आले होते. सॉक-चोल म्हणाला, “जा मावशी, गोळ्या घेऊन या. मी आहे ना.”

त्या क्षणभर घुटमळल्या. मग म्हणाल्या, “तू मान-बोकचा मुलगा. तुझ्याकडे काय राखण करायची!” आणि आयुष्यात पहिल्यांदा बाकावरून उठून गेल्या.

त्याने बटण दाबले. फडके कळवळले. मला कोपऱ्यातून ऐकू आले, पण मोटारीला कुठला कान! ती रेटत राहिली. फडके फाटले, आणि गरम लगदा भिंतीवर, जमिनीवर, वंगणाच्या काळ्या डागांवर उडाला. भरून घ्यावे असे चमचाभरही उरले नाही.

सॉक-चोलने मोटार बंद केली. मग त्याने भिंत पुसली. आणि विकत आणलेल्या तिळांच्या तेलाचा जो डबा दुकानात होता, त्यातून तीन हिरव्या बाटल्या भरल्या.

मावशी परत आल्या. लेकराला पदराखाली घ्यावे तशा बाटल्या उराशी धरल्या. “अजून गरम आहेत,” एवढेच म्हणाल्या, आणि रडल्या.

पुढच्याच बाजाराला मोटारीचा पंप दुकानातून गेला. सॉक-चोलने मला बाहेर काढले, गंज घासला, नवे वायसर बसवले, पोटात ताजे तेल भरले. शेजारचा भाजीवाला म्हणाला, “लोक पुढे जातात, तू उलटा चाललास की काय?”

“आवाज फार करायचा तो,” सॉक-चोल म्हणाला. त्याउपर काही नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, आमचे वायसर वेळेवर बदला, हे तर मी सांगणारच. पण आम्हाला निवडताना आमच्या ताकदीबरोबर आम्हाला आवर कितपत घालता येतो, तेही विचारा. आम्ही चुकलो तर आम्हाला पोत्यांआड ठेवता येते. माणसाला मात्र आपली चूक घेऊन रोज दुकान उघडावे लागते. तीन वर्षे, मावशी दारात दिसल्या की त्याचा हात माझ्या दांड्यावर थबकायचा, ते मला कळायचे. मावशी शेजारणीचे तीळ घेऊन यायच्या आणि बसायच्याच नाहीत. तो विनवायचा, “बसा ना मावशी.” त्या हसायच्या, “तुझ्याकडे कशाला रे?”

काल मावशी आल्या, कापडात गुंडाळलेली एक हिरवी बाटली घेऊन, त्या तिनांतलीच. तळाशी दोन बोटे तेल उरले होते.

“त्यांच्या श्राद्धाला, सणावारी नैवेद्याच्या भाजीत चमचाभर घालते. बाकी जपून ठेवलंय. दोन बाटल्या मुलींना दिल्या. माझे हात आता थरथरतात, सांडेल. तू लहान बाटलीत ओतून दे. मी गेले की माझ्याबरोबर मातीत ठेवायला सांगितलंय मुलींना. एवढंच तर राहिलंय त्यांचं.”

सॉक-चोलने बाटली हातात घेतली. लहान बाटली पुसली. बूच काढले. मग दोन्ही बाटल्या बाकावर ठेवल्या आणि मावशींसमोर जमिनीवर गुडघे टेकले.

“अरे, हे काय! ऊठ, लोक बघतायत.”

“मावशी, हे काकांच्या तिळांचं तेल नाही.”

मावशींनी बाकावरची हिरवी बाटली जवळ ओढली.

“तुम्ही गोळ्या आणायला गेलात, तेव्हा फडकं फाटलं. सगळं गेलं. हे दुकानातल्या डब्यातलं आहे. तुम्हाला ताजं वाटावं म्हणून बाटल्या मी गरम पाण्यात धरल्या होत्या.”