चादरींखालची वेल

समुद्राकडची वाळू आणि तिची लाँड्री यांच्यामध्ये होती ती फक्त मर्यादवेल. खुरासारखी दुभंगलेली जाड पानं, जांभळी फुलं, आणि वाळूच्या टेकडीवर दोरखंडासारख्या धावणाऱ्या फांद्या. ही वेल कुणी लावली नव्हती, पाणीही कुणी घातलं नव्हतं. धुतलेल्या चादरी ती या वेलीवर पसरायची. खाली पानांची गादी, त्यामुळे कापडाला वाळूचा कण लागत नसे. नवरा गेल्यापासून लाँड्री ती आणि सासूबाई मिळून चालवत होत्या. सासूबाईंचे हात आता खांद्याच्या वर जात नव्हते, पण जीभ शाबूत होती.

लॉजच्या चादरींची गाठोडी एक टेम्पोवाला आणायचा. चाळिशी उलटलेला, एकटा, अबोल माणूस. एका सकाळी वळवता वळवता त्यानं टेम्पो थेट टेकडीच्या उतारावर घातला. चाकं रुतली, त्यानं आणखी जोर दिला, आणि वेलीचा मोठा पट्टा मुळासकट उपटून निघाला.

"डोळे काय खिशात ठेवलेत?" ती ओरडली.

"चुकलं, ताई. पण रानवेलच ना? येईल परत."

"येईल! तोवर वाळू काय तुमच्या घरी पाठवू?"

दुपारी वारा सुटला. उघड्या पडलेल्या जागेतून वाळू भुरुभुरु येऊन थेट धुण्याच्या हौदात बसली. सगळ्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.

सुट्टीच्या दिवशी तो चालत आला. किनाऱ्याच्या पार टोकाहून आणलेल्या मर्यादवेलीच्या फांद्या बगलेत होत्या. आल्या आल्या खड्डे खणायला लागला. सासूबाई दारातून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"अहो, वेल लावताय की पुरताय? पेर तेवढं वाळूत दाबा, शेंडा मोकळा ठेवा. तिला श्वास नको?"

पहिल्या फांद्या सुकल्या तेव्हा त्यानं दुसऱ्या आणल्या. त्यातल्या काहींनी जीव धरला. मग त्या बघायला तो सुट्टी नसतानाही यायला लागला. ती चहा पुढे करायची, तो कुठे नवं पान फुटलं ते सांगायचा. बोलणं एवढंच. तरी त्याच्या येण्याच्या वेळेला ती हात पुसून केस सारखे करायची, आणि आपण असं का केलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

"तुझ्या लक्षात आलं का?" सासूबाईंनी एकदा विचारलं. "तो हल्ली तुला ताई म्हणत नाही."

"मग काय म्हणतो?"

"अहो म्हणतो, आणि जमिनीकडे बघतो."

"काहीतरीच काय, आई!" ती इस्त्री फिरवत राहिली. मग थांबून म्हणाली, "तुम्हाला सोडून मी कुठेही जाणार नाही."

"तुला जा म्हणालं कोण? त्याला बोलव म्हणतेय. माझा मुलगा गेला तेव्हा तू माहेरी गेली नाहीस. त्या दिवसापासून तू माझी सून नाहीस, लेक आहेस. आणि लेकीचं लग्न करायला मी कुणाला विचारायचं?"

तिचा बांध फुटला. सासूबाईंचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी तिचं डोकंच ओढून मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो गाठोडं उतरवत असताना ती म्हणाली, "आई म्हणतात, आमच्या घरात अजून एका माणसाची जागा आहे."

"कुणाची?"

"अहो, आता हेही मीच सांगू?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मटकन त्याच गाठोड्यावर बसला. मग वेलीकडे बघत म्हणाला, "टेम्पो मी रस्त्यावरच लावीन."

लग्नानंतर एक ट्रंक आणि स्वतःची उशी घेऊन तो राहायला आला. संध्याकाळी ती वाळलेल्या चादरी घरात घेऊन आली. एरवी भिंतीवरच्या खिळ्याला टोक अडकवून ती एकटीच घडी घालायची. आज त्यानं पुढे होऊन दोन कोपरे धरले. दोघं एकमेकांकडे चालत आले, पण चादरीला पीळच पडला.

"कोपऱ्याला कोपरा लावा, जावईबापू!" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

तो इतका गोंधळला की चादर त्याच्या हातून सुटली. ती हसत उचलायला वाकली, तोही वाकला. सगळ्या घड्या होईपर्यंत बाहेर दिवे लागले होते.