तेरा हातांचं दावं

लुंबिनी लातूरला अकरावी सायन्सला शिकत होती, म्हणून देवणीच्या शिवारात तिच्या शब्दाला भलतंच वजन आलं होतं. सुट्टीत ती घरी आली, तर तिच्या बापानं, ग्यानोबानं, चांद्याला कुठं बांधावं हेही तिलाच विचारलं. चांद्या म्हणजे त्यांचा देवणी बैल. गाय मेल्यावर ग्यानोबानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, जिवाचा तुकडाच म्हणा ना! नव्या जागी चारा लई चांगला, पण जवळच बिनकठड्याची विहीर. मेखेपासून समोरचा बांध बारा हात, तिथून काटकोनात वळून बांधानं विहीर पाच हात, आन् दावं तेरा हातांचं. लुंबिनीनं फटकन बेरीज केली, सतरा. "बिनघोर बांधा, बाबा," म्हणाली. बाप-लेक दोघंही अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले.

दुपारी ती लिंबाखाली वर्तुळाचा धडा घेऊन बसली. एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर आर वर्ग, हे तिला पोपटासारखं पाठ होतं. पण हे वर्ग कशाला करत बसायचे, सरळ बेरीज का न्हाई, हे काही डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी वैतागून तिनं घरचंच उदाहरण घेतलं. मेख हे केंद्र, दावं ही त्रिज्या, विहीर हा बिंदू. पाचाचा वर्ग पंचवीस, बाराचा एकशे चव्वेचाळीस, मिळून एकशे एकोणसत्तर. तेराचा वर्ग करायला गेली आन् तिच्या अंगातलं रक्तच गोठलं. तोही एकशे एकोणसत्तर. विहीर वर्तुळाच्या बाहेर नव्हती, बरोब्बर वर्तुळावर होती.

ती अनवाणीच पळत सुटली.

मेखेभोवतीचं गवत गोल चरून झालं होतं, थेट विहिरीपर्यंत. चांद्याचे पुढचे खूर काठावर होते, मान आत, कपारीतल्या हिरव्या गवताकडं. पायाखालचं ढेकूळ सुटलं आन् खाली पाण्यात डुबुक झालं. ओरडावं तर बैल बिचकायचा. तिनं तोंडावर हात दाबला, दावं धरलं आन् चुचकारत, हळूहळू त्याला मागं ओढलं.

तिला पळताना बघून ग्यानोबा धापा टाकत आला. काठावरचे खुरांचे ठसे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सतरा म्हणली होतीस ना गं?"

"मी बांधाबांधानं मोजलं, बाबा. त्यो सरळ आला."

ग्यानोबा मटकन खाली बसला. चांद्या त्याचा खांदा चाटत राहिला.