हेडमास्तरचा हेन्सफोर्थ

हेडमास्तरकी सुटून लय वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाई म्हणतात, ते माह्याचसाठी. शाळेत माह्या हरेक नोटीशीत 'हेन्सफोर्थ' राहेच. चपराशी वर्गावर्गात वाचून दाखवे, अन् पोट्टे गपगार. हेन्सफोर्थ म्हणजे हुकूम, त्यात फिरवाफिरवी नाई.

आता पवनारच्या या घरात हुकूम ऐकाले कोणी नाई. माही बायको पंचफुला गेली, पोरगा अनुप पुण्यात. घर खाले उठते. रविवार तेवढा बरा जाये, काऊन का नात पौर्णिमा फोन करे अन् इंग्रजीचा एखादा शब्द विचारे. मोबाईल हातात धरून मी सकाळपासून ओसरीत बसलेलाच.

त्या रविवारी तिनं नेमका हाच शब्द विचारला. अरे बापा, मले तं जोरच आला! "पाह्य बेटा, हेन्स म्हणजे इथून, फोर्थ म्हणजे पुढं. जुन्या इंग्रजीत दोघं वेगळे होते, बोलता बोलता चिकटले. अर्थ काय, तं आजपासून पुढं. मांगचं त्यात येत नाई. पण हा शब्द कागदोपत्रीचा. 'हेन्सफोर्थ मी चहा पेईन' म्हटलं तं लोक हासतीन. अन् त्याच्या आधी 'फ्रॉम' नको लावू, 'इथून' त्यातच आहे."

"हो आजोबा, मोबाईलवरही हेच लिहिलंय."

"मंग मले काऊन विचारलं?"

"बाबा म्हणाले, विचारत जा, त्यांना बरं वाटतं."

डोक्शात तिडीकच गेली. मी काय लहान लेकरू आहो, खेळणं देऊन बसवाले? "हेन्सफोर्थ," मी म्हटलं, "जे माहीत आहे ते मले विचारायचं नाई!"

"बरं आजोबा," पोट्टी म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन आला नाई. त्याच्या पुढच्याबी नाई. शेवटी मीच अनुपले लावला.

"बाबा, ती म्हणते, आता काय विचारू? सगळंच तं मोबाईलात सापडते. अन् आजोबाचा शब्द मोडायचा नाई म्हणते."

गुणाचं लेकरू, हुकूम पाळून राह्यलं होतं. मले तिचा आवाज पाहिजे होता, बाकी काहीच नाई. "अनुप," मी म्हटलं, "तिले सांगजो, हुकूम रद्द. काही विचारू नको म्हणा, नुसतं बोल."

अनुप खदखदा हासला. त्याले वाटलं, म्हातारा मजाक करून राह्यला. "बरं बरं, हेडमास्तर," म्हणाला, अन् दुसरा फोन आला म्हणून त्यानं ठेवून देला.