समितीम्होरं बसायचा मानूस

आश्रुबाचा डावा पाय लहानपनीच पोलिओनं गेला. गेला म्हंजी जागेवर हाय, पन वाळल्या शेंगंवानी लोंबतो. काखंत कुबडी घेऊन चालतो गडी. त्या पायावरच त्येला सरकारात शिपायाची नोकरी लागली, बीडला, जिल्ह्याच्या हापिसात. खातं कोनतं ते ऱ्हाऊ द्या. नाव घेतलं की त्या खात्याचे लोक राग धरत्यात आन् दुसऱ्या खात्याचे उगं हासत्यात, जसं काय त्येंच्याकडं सोनं पिकतंय.

गाव त्याचं शिरूर कासारच्या अलीकडं. धनगराचं घर, चार शेळ्या, बायको सत्यभामा. दिवाळीच्या आधी शेळ्यांला पाला तोडता तोडता तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. लेक आन् जावई कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला गेलते, मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतलेली, त्येंला काम टाकून येता येईना. शेजारची ताराबाई भाकर घालायची, कूस बदलून द्यायची. पन ताराबाईबी म्हातारी, तिचेच गुडघे धरलेले. आश्रुबा शुक्रवारी सांजच्याला गावी जायचा आन् सोमवारी सकाळच्या यष्टीनं बीडला. मधले दिवस बाई भिताडाकडं बघत पडलेली.

त्येला एकच पायजे व्हतं. शिरूरला त्याच खात्याचं लहान हापिस हाय. तिथं बदली झाली असती तर रोज सांजच्याला घरी जाता आलं असतं. दुसरं काय मागनं न्हाई त्याचं. अर्ज दिला पंडित कारकुनाकडं. बदल्यांचं टेबल पंडितकडं. मानूस वाईट न्हाई, पन टेबलामागं बसून बसून त्याला टेबलासारखंच लाकूड चढलेलं.

"बघू," म्हनला पंडित.

बघू बघू म्हनता उन्हाळा लागला आन् समिती आली.

समिती मुंबईची, विधिमंडळाची. सरकारी खात्यांत बाया किती, अपंग किती, भटक्या-विमुक्तांचे किती, आन् त्येंला खरंच सामावून घेतलंय का नुसतं कागदावर घेतलंय, हे बघायची. ती तीन हापिसं बघनार व्हती: बीड, दिंद्रुड आन् शिरूर. तिन्हीकडं एक तरी अपंग कर्मचारी पायजे, असा नेम. आन् सगळ्या जिल्ह्यात त्या खात्यात अपंग एकच, आश्रुबा. बाकीच्या जागा कवापासून रिकाम्या. कोन भरनार?

सायबाच्या खोलीतून पंडित बाहेर आला तो घाम पुसतच.

"आश्रू, उद्या गाडीत बसायचंय."

"कुठं जायाचं?"

"जायाचं म्हंजी बसायचंच. सकाळी हितं बसायचं, मंग दिंद्रुडला बसायचं, मंग शिरूरला बसायचं."

"कावून?"

"समितीम्होरं. तिन्हीकडं तूच."

आश्रुबानं कुबडी भिताडाला टेकवली. "वळखतील की ते."

"म्हनून तर सदरे तीन आनलेत बे. आन् नाव इचारलं तर आश्रुबाच सांग. या जिल्ह्यात आश्रुबा पैशाला पासरी."

"माझी बदली?"

"समिती गेली की तुझा कागद सायबाम्होरं. आईशप्पत."

पंडितची आई जिती व्हती, त्यामुळं आश्रुबानं इस्वास धरला.

दुसऱ्या दिशी बीडच्या हापिसात त्येला दाराजवळ खुर्ची दिली. त्या हापिसात येवढी वर्षं झाली, पन खुर्ची पयल्यांदाच. अंगात पांढरा सदरा, इस्तरीचा. समितीत बरेच लोक. एक म्हातारे आमदार बसल्या जागी पेंगत व्हते, एक सारखा फोनवर. एक बाई व्हत्या निळ्या साडीतल्या, आमदारच. त्या तेवढ्या एकेकापाशी थांबत व्हत्या. आश्रुबापाशी आल्या, त्याचा हात दोन्ही हातात धरला.

"किती वर्षं झाली दादा, या कार्यालयात?"

"बारा."

"काही त्रास? कोणी वेगळं वागवतं का?"

आश्रुबानं पंडितकडं बघितलं. पंडित छताकडं बघत व्हता.

"न्हाई."

"धीर सोडू नका," बाई म्हनल्या. बोलत व्हत्या त्या मनापासून, पन डोळे पायावर. मान्सं त्याच्याशी बोलताना पायाशीच बोलत्यात, हे आश्रुबाला नवं न्हवतं.

तिथून समिती कपिलधारला दर्शनाला वळली आन् तानाजी डायवरनं जीप थेट दिंद्रुडकडं सोडली. आश्रुबानं गाडीतच सदरा बदलला, हिरवा चौकडीचा. वर गांधी टोपी.

तानाजी आरशात बघून हासला. "आमच्या गावच्या नवरदेवाला येवढे कपडे न्हवते."

"त्याला पोरगी तरी मिळाली असंल," आश्रुबा म्हनला.

"तुला शिरूर मिळंल की. गप बस, टोपी नीट कर. अण्णा हजारे दिसाया लागलास."

"नावं घेऊ नको कुनाची," पंडित मागून म्हनला. त्येला त्या दिशी कशाचंच हासू येत न्हवतं.

दिंद्रुडच्या हापिसात तीच खुर्ची, म्हंजी तसलीच. समिती आली तवा आश्रुबानं टोपी डोळ्यावर वढली. आता बाई वळखनार, इचारनार, सगळं उघडं पडनार आन् बदली गेली पान्यात. बाई आल्या. हात दोन्ही हातात धरला.

"किती वर्षं झाली दादा, या कार्यालयात?"

"बारा," त्यो म्हनला. दुसरं काय सुचलंच न्हाई.

"काही त्रास?"

"न्हाई."

"धीर सोडू नका."

आन् गेल्या. समिती आप्पारावांच्या मळ्यावर जेवायला गेली. आप्पाराव तिथले मोठे बागायतदार, कुनाचंबी सरकार असो, जेवन त्येंच्याकडंच.

वळखलं न्हाई म्हनून आश्रुबाला बरं वाटायला पायजे व्हतं. तसं काय झालं न्हाई. वाईटबी वाटलं न्हाई. कान बसल्यागत झालं. तानाजी बोलत व्हता, पंडित फोनवर वरडत व्हता, सगळं ऐकू येत व्हतं पन लांबून, जसं दुसऱ्याच्या घरात भांडन चाललंय. वाटंत पंडितनं वडापाव घेतला, त्यो त्यानं खाल्ला. तिखट व्हता का अळणी, काय कळलं न्हाई.

शिरूरच्या अलीकडं त्याच्या गावचा फाटा लागतो. आश्रुबा म्हनला, "हितं दोन मिनटं उतरलो असतो. बघून आलो असतो तिला."

"समिती मागं हाय बे," पंडित म्हनला. जीप फाट्यावरून म्होरं गेली. आश्रुबानं मान वळवून बघितलं न्हाई. निळा सदरा घातला.

शिरूरचं हापिस त्येला आवडलं. दोनच पायऱ्या. खिडकीतून यष्टीचा थांबा दिसतो. पान्याचा माठ हाताला येईल असा. तिथला चौकीदार म्हनला, "बसा काका, पंखा लावतो." त्यो खुर्चीत बसला आन् बसल्या बसल्या त्येला वाटलं, हितं आपन खरंच बसलो तर ही खुर्ची भिताडाच्या अंगाला सरकवायची, कुबडी ठेवायला.

ऊन उतरल्यावर समिती आली. समोर येऊन बाईंनी हात धरला. थकल्या व्हत्या त्याबी, डोळ्याखाली काळं आलतं.

"किती वर्षं झाली दादा, या कार्यालयात?"

"सकाळपून," आश्रुबा म्हनला.

त्यानं ठरवलं न्हवतं. तोंडातून गेलं. समितीसंगं आलेल्या बीडच्या सायबाचा चेहरा पिठागत झाला. फोनवरच्या आमदारानं फोन खाली घेतला. बाई थांबल्या, आन् दिसभरात पयल्यांदा त्येंनी पायावरून नजर वर आनली, त्याच्या तोंडाकडं. आजून एक वाक्य बोलला असता तर सगळं बाहेर आलं असतं. आश्रुबाला ते वाक्य ठावं व्हतं. पन त्या वाक्याच्या पल्याड शिरूर न्हवतं.

"सकाळपासून बसलाय मॅडम," पंडित मधी पडला. "तुमची वाट बघत. उठ म्हनलं तर उठत न्हाई."

सगळे हासले. बाईबी हासल्या. "मग दमला असाल दादा. चहा घेतला का?"

"घेतला," आश्रुबा म्हनला. घेतला न्हवता.

"धीर सोडू नका."

जीप माघारी निघाली. मंग पंडित म्हनला, "मारलं असतंस बे मला." फाटा आला तसा तानाजीनं न इचारता गाडी उभी केली. पंडितनं डोळे मिटून घेतले, झोप लागल्यावानी. आश्रुबा उतरला.

सत्यभामा जागी व्हती. "आज मंगळवार न्हवं?" तिचं बोलनं जड झालेलं, पन त्येला कळायचं.

"हापिस बघून आलो शिरूरचं. दोनच पायऱ्या हायत."

"कधी?"

"समितीचं झालं की लगेच. पंडित आईशप्पत म्हनलाय."

त्या राती तिनं अर्धी भाकर जास्ती खाल्ली.

मंग पावसाळा आला, मुंबईत अधिवेशन झालं. एका शुक्रवारी पंडितनं आश्रुबाला टेबलाजवळ बोलावलं. खुर्ची वढून दिली, तवाच आश्रुबाला कळलं की काय खरं न्हाई.

"तुझ्या बदलीचं न्हाई जमत आश्रू."

"कावून?"

"समितीचा अहवाल सभागृहात गेला. बीडला एक अपंग, दिंद्रुडला एक, शिरूरला एक. तिन्ही जागा भरलेल्या. शिरूरला आता जागाच न्हाई."

"तिथं हाय कोन?"

पंडितनं चष्मा काढून पुसला. "तूच की बे."

आश्रुबानं जरा इचार केला. "मीच हाय तर मला जाऊ द्या की तिथं."

"तू तिथं गेलास तर हितली जागा रिकामी दिसंल. सायबानं सहीनं लिहून दिलंय. त्येंचं कौतुक छापलंय अहवालात, जिल्ह्यात समावेशनाचं काम चांगलं म्हनून. आता ते कशाला हात लावत्यात."

"मंग त्या दिंद्रुडच्याला तरी धाडा शिरूरला," आश्रुबा म्हनला. हसून न्हाई, सरळ म्हनला.

पंडित लई येळ चष्मा पुसत बसला. मंग म्हनला, "मला खरंच वाटलं न्हवतं असं व्हईल." ते खरं असंल. आश्रुबानं मान हालवली, सायबाच्या खोलीतले कप उचलले, धुतले, पालथे घातले आन् यष्टी धरली.

घरी गेला तवा ताराबाई नुकतीच उठून गेलती. चुलीवर कोमट पानी व्हतं.

सत्यभामानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "काय म्हनला पंडित?"

"शिरूरला लागलोय म्हनं मी."

"कधी?"

"समिती आलती तवापून."

"मंग रोज कुठं असता तुमी?"

"बीडला. दिंद्रुडलाबी असतो."

"आन् हितं?"

"हितं शनवार, रईवार."

तिनं मान भिताडाकडं केली. रडली न्हाई. आश्रुबा कुबडी ठेवून खाली बसला, खोबऱ्याचं तेल तळव्यावर घेतलं, तिचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळाया लागला. डाक्टरनं सांगितलं व्हतं, रोज चोळा. रोज कुठून चोळनार.

"कळतंय का काय?" त्यानं इचारलं.

"न्हाई."

त्यानं कोपरापतुर चोळलं, मंग बोटं एकेक करून.

"आता?"

"न्हाई," ती म्हनली. "चोळा तुमी."