तांब्याचे बगळे

"ताई, बघ ना वर! हलायला लागले!" धाकट्या बहिणीनं बाईंना कोपरानं ढोसलं.

वाचनालयाच्या नव्या सभागृहात अध्यक्षांचं भाषण रंगात आलं होतं आणि छताखाली टांगलेले तांब्याच्या पत्र्याचे बगळे हळूहळू वर सरकत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना वाटलं, त्या आपल्यालाच. ते आणखी फुलले.

बाईंचा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. पोरांच्या चित्रांतल्या वाकड्या सुरया सरळ करता करता स्वतःचं काही करायचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर हे बगळे करायचं काम चालून आलं, तेव्हा त्या हरखून गेल्या. वाचनालयाच्या आवारातली विहीर खालून नदीला जोडलेली. विहिरीत रिकामं पिंप तरंगत सोडलं आणि त्याची तार तळाच्या कप्पीखालून थेट सभागृहाच्या छतापर्यंत नेली. नदी चढली की बगळे चढणार, उन्हाळ्यात आटली की माणसांच्या डोक्याशी उतरणार. पाय मोडून घरी पडलेल्या नवऱ्यानंही खाटेवर बसून पंख कातरून दिले होते.

बाईंना भरून आलं. पण क्षणभरच. सबंध पावसाळ्यात चढायचे तेवढे बगळे एका भाषणात चढले होते. बाहेर तर लख्ख ऊन होतं.

"तार अडकली असेल गं," धाकटी म्हणाली.

दोघी विहिरीकडे धावल्या. पाणी गढूळ झालं होतं, आतल्या आत घुसळत होतं. पिंप काठाला टेकायला आलं होतं.

"वर डोंगरात पाऊस कोसळलाय," बाई पुटपुटल्या.

त्या परतल्या तेव्हा पहिल्या बगळ्याची चोच छतावर आपटली. ठण्ण! लोक हसले. मुख्याध्यापकांसमोरही कधी आवाज न चढवलेल्या बाईंनी अध्यक्षांच्या हातातला माईक काढून घेतला.

"नदी येतेय. खालच्या आळीतल्यांनी आत्ताच घर गाठा. म्हातारी माणसं, पोरं उचला आणि टेकडीवर चला."

"अहो बाई, तुमचं यंत्र बिघडलंय! उगाच लोकांना काय घाबरवताय?" अध्यक्ष ओरडले.

"बिघडलं असेल तर उद्या हसा मला. आत्ता उठा!"

कुणी हललं नाही. वर बगळे एकामागून एक छतावर आपटू लागले. मागच्या रांगेतली एक आई मुलाला काखोटीला मारून उठली. मग खुर्च्या धडाधड सरकल्या.

बाईंचं घर खालच्या आळीच्या टोकाला. गटाराचं पाणी उलटं फिरून उंबऱ्याला लागलं होतं. आतल्या खोलीत प्लॅस्टरचा पाय लांब करून नवरा वाट बघत होता.

"इतक्यात आलीस? कसा झाला कार्यक्रम?"

बाईंनी एका बाजूनं, धाकटीनं दुसऱ्या बाजूनं त्यांच्या काखेत हात घातले.

"छान झाला," बाई म्हणाल्या. "अख्खं सभागृह उठून उभं राहिलं."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" ते खुशीत हसले.

बाईंनी पकड घट्ट केली आणि घोटाभर पाण्यात पाय टाकला.