मौन-सात समोरची जागा

गोंडपिपरीच्या बाहेर, चंद्रपूर रोडला, 'वनरंग कलासंग्रहालय' उभं राहिलं तेव्हा पहिले काही महिने लोकांना ती राइस मिल वाटली. बिनखिडक्यांची, उंच, राखाडी इमारत. दुसरं काय असणार? दोन शेतकरी तर ट्रॅक्टरमध्ये धान भरून आले. दारावरच्या लटारूभाऊंनी त्यांना हात दाखवून थांबवलं.

"इथी धान नाई घेत. चित्रं आहेत."

"कोन्या देवाची?"

"देवाची नाई. अशीच."

शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर वळवला. त्या महिन्याच्या अहवालात त्यांची नोंद 'स्थानिक शेतकरी अभ्यागत, दोन' अशी झाली आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयाला समाधान वाटलं.

संग्रहालयाच्या देखरेखीला पुण्याहून साक्षी मॅडम आल्या होत्या. वय अठ्ठावीस, कलेच्या इतिहासाची पदवी, स्वभावाने सरळ. दीड वर्षात त्यांनी शाळेच्या दोन सहली पाहिल्या, आणि एसटीची वाट बघताना बाथरूम विचारायला आत आलेले बरेच प्रवासी पाहिले. मग मुंबईहून आदेश आला की तरुणांसाठी मोफत कार्यक्रम सुरू करा. नाव 'आपलं दालन'. वय पंधरा ते एकवीस. प्रवेश मोफत, मार्गदर्शन मोफत, वही-पेन्सिल मोफत, दुपारचा चहा मोफत. मॅडमनी बसस्टॉपवर मोठा फलक लावला: 'या. पाहा. व्यक्त व्हा.'

व्यक्त व्हायला कोणी आलं नाही. एवढं सगळं मोफत म्हटल्यावर लोक उलट सावध झाले. तलावात मासे धरणारा मनसाराम फलक वाचून मुलीला म्हणाला, "फुकट दाखवून राह्यले मंजे मागून काहीतरी विकतीन. कुकर नाई तं विमा."

ही मुलगी आचल. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, वनरक्षक भरतीची तयारी करणारी. सकाळी पाचला रस्त्यावर धावायची आणि मग एसटीने गोंडपिपरीला येऊन दिवसभर अभ्यासिकेत बसायची. अभ्यासिका म्हणजे टिनाचं शेड. पंखे दोन, त्यातला एक चालू, तोही लाइट असली तर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा सेहेचाळीसवर गेला आणि लाइट अकराला जाऊन चारला यायला लागली. वहीत घामाचे थेंब पडून जिल्ह्यातल्या नद्यांची नावं खरोखरच वाहून जात होती.

एका दुपारी बसस्टॉपवर आचलच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या संग्रहालयाच्या दारातून लटारूभाऊंनी हाक मारली, "आत ये वं पोरी. पानी पी."

पाणी आत, दुसऱ्या काचेच्या दारापलीकडे होतं. ते दार ढकललं आणि आचल तिथेच उभी राहिली. अंगावरचा घाम जागच्या जागी गार झाला. आत चोवीस अंश होते. चित्रांना उष्णता सोसत नाही म्हणून एसी कायम चालू, लाइट गेली तर जनरेटर.

"भाऊ, हे एवढं गार कोनासाठी?"

"चित्रासाठी."

"आन् मानसासाठी?"

"मानसासाठी पंखा आहे, माया खुर्चीवर. बंद आहे."

दुसऱ्या दिवशी आचल पुस्तक घेऊनच आली. लटारूभाऊंनी नियम सांगितला: आत पुस्तक चालत नाही, पेन चालत नाही, आणि बसून राहायचं असेल तर कार्यक्रमाचा फॉर्म भरावा लागतो. आचलने फॉर्म घेतला. शेवटचा प्रश्न होता, 'कला तुमच्यासाठी काय आहे?' तिने बराच विचार करून खरं ते लिहिलं: 'थंड वाटते.'

साक्षी मॅडमनी ते दोन शब्द तीन वेळा वाचले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही सगळे कलेत आग शोधत बसतो," त्या लटारूभाऊंना म्हणाल्या, "आणि ही मुलगी बघा." लटारूभाऊंनी मुलीकडे बघितलं. त्यांना काही विशेष दिसलं नाही. मॅडमनी त्याच दिवशी मुंबईला मेल केला.

"मॅडम, वही तं चालते ना?" आचलने विचारलं.

"वही तर हवीच! जे मनात येईल ते लिही."

आचलच्या मनात भारतीय वन अधिनियम होता. घरी पुस्तकातून वहीत उतरवायचं आणि इथे येऊन पाठ करायचं, असं तिने ठरवून टाकलं. चार दिवसांनी तिची मैत्रीण रिंकू आली. रिंकूमागून पिंटू आला. तो दोनदा भरतीत नापास झालेला होता, आणि त्यामुळे अभ्यासिकेत त्याला सगळे अनुभवी समजत. मेच्या पहिल्या आठवड्यात फॉर्मांची संख्या अडतीस झाली. तेवीस वर्षांच्या एका तरुणाने वय एकवीस लिहिलं, तेव्हा लटारूभाऊंनी त्याच्या मिशीकडे बघून मान फिरवली.

दालनात थंडी सगळीकडे सारखी नव्हती. सगळ्यात गार झोत 'मौन-सात' या चित्रासमोर येई. भिंतीएवढं चित्र, सगळं राखाडी, खाली थोडा मातकट रंग, बस. चित्रकार मुंबईचे राजदीप कारखानीस. त्या चित्रासमोरच्या फरशीवर एका वेळी पंधराच जण मावत, म्हणून मुलांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून घेतल्या.

साक्षी मॅडम दारातून बघत. पंधरा तरुण मांडी घालून, चित्राकडे नजर लावून बसलेले आणि सगळ्यांचे ओठ हलतायत. मॅडमना वाटलं, संवाद चाललाय. पिंटू राष्ट्रीय उद्यानं पाठ करत "कान्हा, बांधवगड, पेंच" म्हणत होता. मॅडम पावलांचा आवाज न करता मागे फिरल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, 'मौन-सात : सरासरी निरीक्षण कालावधी दोन तास.' मुंबईहून लगेच विचारणा आली, 'तास की मिनिटं?' मॅडमनी कळवलं, 'तास.'

एका दुपारी मॅडम स्वतः चहा घेऊन आचलच्या शेजारी येऊन बसल्या. "मला खरं सांग. एवढा वेळ बघतेस, तुला काय दिसतं यात?"

आचल मृदेच्या प्रकारांवर होती. पण पाठ करताना नजर कुठेतरी ठेवावी लागते, आणि तीन आठवडे ती या चित्रावरच ठेवली होती. ती म्हणाली, "डाव्या कोपऱ्यात खाली ब्रशचा केस चिकटून आहे मॅडम. मले रोज तो काढावासा वाटते."

मॅडम उठल्या, वाकून बघितलं. केस होता. दीड वर्षात त्यांना तो दिसला नव्हता, आणि या चित्रावर त्यांनी चार पानांचं टिपण लिहिलं होतं. त्या दिवशी मॅडमनी ते टिपण पुन्हा काढून वाचलं.

मेच्या मध्यावर मुंबईहून संचालिका पुनम मॅडम आणि स्वतः कारखानीस आले. गाडीतून दारापर्यंत वीस पावलं चालताना दोघांचे चेहरे लाल झाले. आत आल्यावर कारखानीस आपल्या चित्रासमोर बसलेल्या मुलांकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर बसून म्हणाले, "तुम्ही माझं मौन ऐकलंत."

"हो सर," पिंटू म्हणाला. सरांना हो म्हणायची त्याला सवय होती.

पुनम मॅडमनी आचलला पुढे बोलावलं. "फॉर्मवर ते सुंदर वाक्य तूच लिहिलंस ना? सांग बेटा, तुला इथे काय खेचून आणतं?"

आचलने साक्षी मॅडमकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, सगळ्यांना तेच हवं होतं. पण रोज चहा पाजणाऱ्या बाईला अजून किती दिवस फसवायचं, हा प्रश्न तिला आठवडाभर छळत होता.

"एसी, मॅडम."

रिंकूने कपाळाला हात लावला.

"आमच्या अभ्यासिकेत लाइट नसते," आचल सांगत गेली. "आमी इथी भरतीचा अभ्यास करून राह्यलो. तुमचं चित्र वाईट नाई सर, पन एसी बंद झाला तं कोनी नाई येनार."

कारखानीस उठून उभे राहिले आणि गुडघे झटकू लागले. साक्षी मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. पुनम मॅडमनी मात्र चष्मा काढला.

"विलक्षण!" त्या म्हणाल्या. "ही संस्थेचीच समीक्षा आहे. ही मुलगी आपल्याला विचारतेय, गारवा नेमका कोणाचा?"

"हो," आचल म्हणाली. ती तेच विचारत होती. "मंग अभ्यासिकेले एक एसी भेटन का?"

पुनम मॅडम वहीत लिहीत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही.

दहा दिवसांनी निर्णय आला. बंद, थंड दालन हे वनप्रदेशातल्या तरुणांच्या जीवनशैलीशी विसंगत आहे, असं संस्थेच्या ध्यानात आलं होतं. यापुढे 'आपलं दालन' उघड्यावर, बांबू आणि मातीच्या 'श्वास मंडपा'त भरेल. चित्रं मात्र आतच राहतील. आठवड्यात मंडप उभा राहिला. उद्घाटन मेच्या अखेरीला, सकाळी अकराला, सत्तेचाळीस अंशांत झालं. पुनम मॅडम उन्हामुळे मुंबईहून व्हिडिओवर हजर होत्या. मंडपात लटारूभाऊ आणि चार शेळ्या होत्या. शेळ्यांनी सजावटीचा आंब्याचा पाला खाल्ला.

अडतीस मुलं अभ्यासिकेच्या शेडमध्ये परत गेली. रिंकू आचलशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "काऊन सांगतलं वं तू? दोन महिने गप बसली असती तं काय झालं असतं?" आचलने वहीचं पान उलटलं.

त्याच दुपारी दोन वाजता साक्षी मॅडम अभ्यासिकेत आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आचलच्या शेजारच्या बाकावर बसल्या आणि पर्समधून पुस्तक काढून वाचू लागल्या. पंधरा मिनिटांत ओढणी ओली झाली. पाऊण तासाने त्यांनी पुस्तक मिटलं.

"रोज असं असतं?"

"आज हवा आहे मॅडम," पिंटू म्हणाला.

मॅडम परत गेल्या आणि संस्थेची नियमावली काढून बसल्या. माणसांसाठी एसी बसवण्याची तरतूद त्यात कुठेच नव्हती. तरीही त्यांनी मुंबईला फोन लावून विचारलं. संस्था फक्त कलेसाठी आहे, असं उत्तर मिळालं. मॅडमनी पुन्हा नियमावली उघडली. पान त्रेचाळीसवर लिहिलं होतं की संग्रहातली कोणतीही कलाकृती सार्वजनिक जागी उसनी ठेवता येईल. मात्र त्या जागी चोवीस अंश तापमान, अखंड वीज आणि पहारा यांची सोय संस्था स्वखर्चाने करील.

संग्रहातलं सगळ्यात लहान चित्र पोस्टकार्डाएवढं होतं, एका खारीचं. मॅडमनी प्रस्ताव पाठवला : 'खार लोकांच्या भेटीला. स्थळ : सार्वजनिक अभ्यासिका, गोंडपिपरी.' पुनम मॅडमना कल्पना फार आवडली. मंडपाबद्दल कोणी काही विचारायच्या आत नवीन काहीतरी सुरू झालेलं त्यांनाही हवं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टिनाखाली छत बसलं, दोन एसी आले, मागे जनरेटर आला. तंत्रज्ञाने तापमान मोजून सही केली. मग खार आली, खोक्यात, कापसात गुंडाळून. ती भिंतीवर टांगली आणि पहाऱ्याला लटारूभाऊंची बदली झाली, खुर्चीसकट.

"एवढ्याशा खारीसाठी?" मनसाराम मुलीला डबा द्यायला आला होता, तो दारातूनच बघत राहिला.

"तिले गरमी सोसत नाई," लटारूभाऊ गंभीरपणे म्हणाले. "आत या भाऊ, दार लावा. थंडी बाहेर जाते."

साक्षी मॅडमनी मुलांना एकच अट घातली. रोज पाच मिनिटं वही मिटून खारीकडे बघायचं. मुलांनी ती पाळली, काहींनी खरोखर, काहींनी लटारूभाऊ बघत असतील तेव्हा.

परीक्षा जुलैच्या शेवटी झाली. अडतीसपैकी अकरा जण लेखीत निघाले, धावण्यात पाच उरले. त्यात आचल होती, रिंकू नव्हती. आचलला भामरागडकडची नेमणूक मिळाली. तिथला रस्ता पावसात बंद होतो म्हणून मनसारामने तिच्या पिशवीत वाळवलेले मासे एवढे भरले की एसटीतल्या लोकांनी तिला खिडकीजवळ बसवलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात पाचही जणांचा फोटो आला, खाली ओळ होती : 'कलेतून वनसंरक्षणाकडे.' आचलने तो फोटो मोबाइलवर बघितला, आणि रिंकूला पाठवला नाही.

पिंटू एका मार्काने राहिला. तिसऱ्यांदा. निकालानंतर आठवडाभर तो अभ्यासिकेत नुसता बसून होता. पुस्तक उघडायची इच्छा होत नव्हती आणि घरी जायची त्याहून नव्हती. हातात मोफत मिळालेली पेन्सिल होती. समोर लटारूभाऊ खुर्चीत पेंगत होते. पिंटूने त्यांना वहीत काढायला घेतलं. पहिलं जमलं नाही. त्याने दुसरं काढलं, तिसरं काढलं. आठव्या पानावरचे लटारूभाऊ आता हलतील की काय असं वाटत होतं.

साक्षी मॅडमनी ती वही पहिल्या पानापासून आठव्यापर्यंत चाळली. मग म्हणाल्या, "पिंटू, उद्यापासून रोज अर्धा तास माझ्याकडे ये. वही घेऊन."

"भरतीत येते का हे?"

"नाही."

"मंग ठीक आहे," पिंटू म्हणाला.

लटारूभाऊंनी वही हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "माये कान एवढे मोठे नाई," ते म्हणाले, आणि ते पान फाडून मागून घेतलं.

मॅडमनी याबद्दल मुंबईला काही कळवलं नाही.